क्रॅक सॉफ्टवेअर वापरणं चोरी का वाटत नाही?

खाप्यासारख्या छोट्या शहरातला फ्लेक्स-लग्नपत्रिकांचा दुकानदार असो की पुण्यातला विद्यार्थी, क्रॅक कोरलड्रॉ वापरण्याची कारणं तीच: महाग आहे, सगळेच वापरतात, कंपनीचं काय जातं? कॉपी केल्यावर मूळ प्रत जागेवरच राहते. त्यामुळे ही चोरी वाटत नाही.

कायदा काय सांगतो?
कॉपीराइट कायदा, १९५७ : कलम ६३ ब. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद, ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारण नोंदवून कैद टाळू शकतं. ग्राहकाकडून पैसे घेणाऱ्या दुकानाला ही सवलत नाही.

पर्याय आहे का?
इंकस्केप, गिम्प मोफत आहेत. अडचण ग्राहकांच्या जुन्या कोरल फाइलींची. पण नव्या कामासाठी ‘परवडत नाही’ हे कारण उरत नाही.