गळक्या घागरीचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकवाल्यांच्या मेळाव्याला कशाला जावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. हुबळीच्या बसमध्ये बसलो तेव्हा मलाही तो पडला होता. त्याचे कारण सांगतो. मी आणि माझा एक कन्नड माध्यमातून आलेला मित्र, दोघांनी मिळून किराणा दुकानदारांसाठी मोबाईलवरची उधारीची वही तयार केली आहे. ती मराठी व कन्नड दोन्ही भाषांत चालते. बेळगावातील चौदा दुकानदार ती वर्षभर फुकट वापरत होते. आता आमचे शेवटचे वर्ष. बाबांचे म्हणणे, बँकेच्या परीक्षेला बस. या वहीवर दोन घरे चालतील का, हे मला विचारायचे होते.

स्वतंत्र सॉफ्टवेअर उद्योजक म्हणजे गुंतवणूकदाराचे भांडवल न घेता, ग्राहकांच्या वर्गणीवर धंदा चालवणारा. यांचे धंदे बहुधा लहान असतात, पण नेहमीच नाही. १९९६ साली ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेली आजची झोहो कंपनी याच मार्गाने वाढली. २०११ मध्ये तिने तमिळनाडूतील तेनकाशीजवळ कार्यालय काढले.

अशा एकत्र बसण्याची प्रथाही जुनी आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. तिला स्टीव्ह वोझ्नियाक हजर होता. पुढे आपला ॲपल संगणक त्याने याच मंडळींना दाखवला. एकट्याने काम करणाऱ्याला आपले अडलेले विचारायला कोणी लागते, हे त्यामागचे साधे कारण.

हुबळीच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ नव्हते, की अध्यक्षीय भाषणही नव्हते. वीसेक माणसे गोल बसली. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काय बनवतो, पैसे कोण देतो आणि कुठे अडलो आहे. जाहिरातीत कोणी आपला तोटा छापत नाही. इथे माणसे तो चहा पिता पिता सांगत होती.

धारवाडच्या एका गृहस्थांनी फळ्यावर गळतीचा हिशेब मांडला. समजा, दरमहा दहा नवे ग्राहक येतात आणि असलेल्यांपैकी शेकडा पाच सोडून जातात. शंभर ग्राहक असताना पाच जातात, म्हणजे वाढ होते. पण दोनशे झाले की दहा येतात आणि दहाच जातात. धंदा तिथेच थांबतो. घागर गळकी असली तरी भरते, पण एका उंचीपर्यंतच! गळती शेकडा दोनवर आणली, तर तेच दहा नवे ग्राहक आपल्याला पाचशेपर्यंत नेतात. तीनशे रुपये मासिक वर्गणी धरली, तर साठ हजार आणि दीड लाख एवढा हा फरक आहे. जाहिरातीचा खर्च मात्र तेवढाच.

माझी पाळी आली. "किती पैसे घेता?" त्यांनी विचारले.

"काहीच नाही."

"मग तम्मा, तुला गळती दिसणारच नाही. भिडेखातर वापरणारे कोण आणि गरजेपोटी वापरणारे कोण, ते आधी कळू दे."

परत आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही चौदाही दुकाने फिरलो आणि महिना शंभर रुपये मागितले. जीभ जड झाली होती. पाच जणांनी दिले, नऊ जणांनी नाही म्हटले. त्या नवांपैकी सहा जणांचे कारण एकच: संध्याकाळच्या गर्दीत नाव शोधून आकडा भरायला वेळ लागतो. वर्षभरात त्यांनी हे एकदाही सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

पाचशे रुपयांची वाटणी केल्यास प्रत्येकी अडीचशे येतात. यावर घर चालत नाही, हे मान्य. सध्या माझा मित्र बोलून नोंद करण्याची सोय करतो आहे आणि मी त्या सहा दुकानांत संध्याकाळी उभा राहून गर्दी पाहतो आहे. बाबांना मी सगळे आकडे दाखवले. चष्मा काढून ते म्हणाले, "जूनपर्यंत कर. पण दर महिन्याचा हिशेब मला दाखवायचा, आणि बँकेचा अर्जही भरायचा."

अर्ज भरला आहे.