पहिली गुहा, तीन टॉर्च
मुंबईचे मित्र आले की कसालला चहा घेऊन मी त्यांना कणकवली तालुक्यातल्या कोळोशीची गुहा बघायला नेतो. आपल्या इकडच्या नैसर्गिक गुहा बहुतेक जांभ्या दगडातल्या. वरचा थर टणक, खालची मऊ माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि पोकळी उरते. कोळोशीच्या गुहेत तर राज्य पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली! म्हणून तिथे नुसतं बघायचं. खणायचं नाही, खडाही उचलायचा नाही.

कुठल्याही गुहेत नवख्यांनी माणशी तीन टॉर्च आणि एक हेल्मेट घ्यावं, परतायची वेळ घरी सांगावी. पावसाळ्यात शिरूच नये. वटवाघळं दिसली की उजेड खाली करून मागे फिरा. आणि गावात विचारून, वाटाड्या घेऊनच जा.