स्नेहमेळाव्याला कोण आलं नाही?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या भागात लग्नसराईच्या जोडीनं आता आणखी एक सराई सुरू होते, ती स्नेहमेळाव्यांची. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा, एखाद्या हायस्कूलच्या फाटकावर फलक लागलेला दिसतो. ‘दहावी बॅच, पंचवीस वर्षांनी पुन्हा एकदा!’ पुण्या-मुंबईहून, बेंगळुरूहून, गोव्याहून मंडळी येतात. एखादा तर आखातातून खास रजा काढून येतो. चाळिशी ओलांडलेली, चष्मा लागलेली, पोट सुटलेली ही मुलं-मुली पुन्हा जुन्या बाकांवर दाटीवाटीनं बसतात. घंटा होते, प्रार्थना होते. निवृत्त गुरुजींना शाल, श्रीफळ आणि कुंद्याचा डबा दिला जातो. मग एखादे सर जुन्या आवाजात हजेरी घेतात आणि आज स्वतः साहेब झालेला माणूस उभा राहून ‘हजर, सर!’ म्हणताना डोळे पुसतो.

हे सगळं छानच आहे. वर्षातून एक दिवस माणसानं असं लहान व्हावं. पण एक गोष्ट मनात येत राहते. ही हजेरी आलेल्यांचीच असते. जे आले नाहीत त्यांची नावं कोण पुकारणार? आणि ते का आले नाहीत?

आठवणी त्याच वयाच्या का?

माणसाला शाळेचे शेवटचे दिवसच इतके का आठवतात, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. पन्नाशी-साठीतल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वर्षांच्या मानानं जास्त निघतात. कारणही समजण्यासारखं आहे. त्या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदाच घडतात. पहिली सायकल, पहिली सहल, घरी न सांगता पाहिलेला पहिला सिनेमा, आणि कुणाच्या तरी वहीत उगीचच ठेवलेलं मोरपीस. पुढं गोष्टी घडत राहतात, पण पहिलेपणाची धार राहत नाही.

म्हणून तर आपल्या साहित्यातही शाळा पुन्हा पुन्हा येते. पु. ल. देशपांडे काही काळ आपल्या बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्या १९६२ सालच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तले चितळे मास्तर वाचताना प्रत्येकाला आपले मास्तर आठवतात. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली आणि नववीतल्या मुलांच्या त्या गोष्टीत कितीतरी वाचकांना स्वतःचा वर्ग सापडला.

आपल्या सीमाभागाच्या आठवणींना तर आणखी वेगळी चव आहे. आपली परीक्षा ‘एसएसएलसी’. कोल्हापूर-सांगलीच्या पाहुण्यांच्या ‘एसएससी’त एक ‘एल’ कमी. निकालाच्या वेळी त्यांना गुण सांगायचे म्हणजे आधी हिशेब समजावून द्यावा लागे, की बाबा, आमच्याकडं पहिल्या भाषेला १२५ आणि बाकीच्या पाच विषयांना प्रत्येकी १००, असे मिळून ६२५. मराठीचा तास संपला की कन्नडचा. व्याकरण दोन्हींचं, शुद्धलेखन दोन्हींचं, आणि छड्याही दोन्हींच्या. दोन भाषांत मार खाल्लेली आपली पिढी!

यादी कशी होते?

आता मेळाव्याची यादी कशी तयार होते ते पाहा. चार उत्साही मित्र जमतात, व्हॉट्सॲपवर ग्रुप करतात आणि ज्याला जो आठवेल त्याला जोडतात. इथंच खरी गंमत आहे.

अमेरिकेत बाहरिक नावाच्या संशोधकांनी १९७५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १७ ते ७४ वर्षं वयाच्या ३९२ जणांना त्यांच्या हायस्कूलच्या वर्गमित्रांबद्दल विचारलं. फोटो समोर ठेवले, तेव्हा शाळा सोडून पंधरा वर्षांपर्यंतच्या लोकांनी सुमारे ९० टक्के चेहरे ओळखले. जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही ७० टक्क्यांच्या आसपास चेहरे ओळखता आले. पण फोटो, यादी काहीही न दाखवता ‘नावं आठवून सांगा’ म्हटलं, तेव्हा पंधरा वर्षांनंतर सुमारे ६० टक्के आणि अठ्ठेचाळीस वर्षांनंतर जेमतेम ३० टक्के नावं आली.

याचा अर्थ सरळ आहे. आपण वर्गातल्यांना विसरलेलो नसतो, पण नुसतं आठवायला बसलं की पुष्कळ जण सुटतात. आणि सुटतात कोण? पहिल्या बाकावरचे नव्हेत, गॅदरिंगमध्ये नाचलेले नव्हेत, कबड्डीच्या संघातलेही नव्हेत. सुटतात ते शेवटच्या बाकावरचे, कमी बोलणारे, अधूनमधून येणारे आणि मध्येच शाळा सोडून गेलेले.

‘मी कुठल्या बॅचचा?’

दहावीचा निकाल शाळेच्या फलकावर लागायचा तो दिवस आठवा. पास झालेल्यांच्या घरी पेढे वाटले जायचे. नापास झालेला मात्र संध्याकाळी अंधार पडल्यावर हळूच फलक बघून यायचा. जूनमध्ये पास झालेले कॉलेजात गेले आणि राहिलेले कामाला लागले. कुणी उद्यमबागच्या कारखान्यात लेथवर उभा राहिला, कुणी वडगाव-खासबागच्या मागावर बसला, कुणी शेतात गेला, कुणी मामाच्या दुकानात. काही तर आठवी-नववीतच गेले होते. घरात मागाचा खडखडाट सुरू ठेवायला दोन हात कमी पडत होते, एवढंच कारण.

ही मंडळी दूर गेलेली नाहीत. उलट बेंगळुरूचा इंजिनिअर सापडायला आठवडा लागतो आणि हा माणूस शाळेपासून दोन गल्ल्यांवर असतो. रोज आपल्या गाडीचं पंक्चर काढतो, आपल्याला भाजी मोजून देतो. पण मेळाव्याच्या यादीत त्याचं नाव नसतं.

अशाच एका दुकानदाराला सहज विचारलं, “तुमच्या बॅचचा कार्यक्रम झाला म्हणे, तुम्ही दिसला नाही?” तो हसून म्हणाला, “मी दहावीला तीनदा बसलोय की. मग मी कुठल्या बॅचचा?”

त्याच्या हसण्यात तक्रार नव्हती. पण प्रश्न खरा होता. बॅच म्हणजे कोण? एका वर्षी पास झालेले, की एका वर्गात बसलेले? मेळावा पदवीदान समारंभ नव्हे. मधल्या सुट्टीत एकाच डब्यातली चटणी-भाकरी खाल्ली, एकाच सरांचा मार खाल्ला, तो आपल्या बॅचचा. निकालाच्या फलकाचा आणि त्याचा काय संबंध?

शिवाय बोलावलं तरी तो येईलच असं नाही. कार्यक्रमात माईक फिरतो आणि प्रत्येक जण नाव, हुद्दा, कंपनी, मुलं कुठं शिकतात, हे सांगत जातो. तिसऱ्या माणसानंतर त्या सभागृहात पुन्हा एकदा पहिला नंबर, दुसरा नंबर सुरू होतो. त्यात वर्गणी हजार-दीड हजाराची असली, तर रोजंदारीवरचा माणूस ‘त्या दिवशी जरा काम हाय’ म्हणून टाळतो. काम नसतं. संकोच असतो.

लेकी कुठं गेल्या?

दुसरी मोठी गळती मुलींची. मुलगा शोधायचा तर आडनावावरून, गल्लीवरून सापडतो. मुलीचं आडनाव बदललेलं, गाव बदललेलं, कधी नावही बदललेलं. माहेरी आईवडील राहिले नसतील तर पत्ताच तुटतो. फोन लावावा तर तो उचलणार दुसराच कोणी, आणि पलीकडून एक पुरुष ‘मी वर्गमित्र बोलतोय’ म्हणाला की घरात दहा प्रश्न.

आपल्याकडं तर कितीतरी मुली मराठी माध्यमात शिकून कन्नड घरात नांदायला गेल्या, आणि कन्नड माध्यमातल्या मराठी घरात आल्या. आमच्या कॉलेजात मुलीच्या प्रवेशासाठी आलेल्या एका बाईंशी बोलत होते. माहेर मराठी, सासर कन्नड. वीस वर्षांत त्यांची कन्नड इतकी सफाईदार झालेली, की मूळ मराठी कळूही नये. त्या म्हणाल्या, “घरात पोरं ‘अव्वा’ म्हणतात, दीर ‘वैनी’ म्हणतात. माझं नाव घेऊन ‘ए, हिकडं ये की’ म्हणणारं कोण ऱ्हायलंय? शाळेतल्या मैत्रिणींनी हाक मारली तर तेवढीच.” वर्गातल्या मुलींनी त्यांना शोधून काढलं होतं, पण कार्यक्रम रात्रीच्या जेवणापर्यंत चालणार होता. परतीची बस नव्हती. त्या गेल्या नाहीत.

म्हणजे कोणीही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. नुसती वेळ चुकीची ठरली आणि एक बाई घरी राहिली.

एक मैदान, दोन मेळावे

आणखी एक गोष्ट आपल्या भागातच दिसते. काही शाळांत एकाच आवारात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांचे वर्ग भरत. घंटा एक, मैदान एक, नळाखालची रांग एक. खो-खोच्या संघात कोण कुठल्या माध्यमाचं हे कुणी विचारत नसे. ‘पळ पळ’ आणि ‘ओडु ओडु’ एकाच दमात ओरडलं जाई. आज मात्र ग्रुप दोन आणि मेळावेही दोन. कुणी ठरवून भांडलं नाही. यादी वर्गावरून झाली आणि मैदान राहून गेलं.

आपल्या शाळांचं सुखदुःख तरी कुठं वेगळं आहे? ‘सरकारी हिरिय प्राथमिक शाले, कासरगोडु’ हा २०१८ सालचा कन्नड चित्रपट अनेक घरांत पाहिला गेला असेल. केरळमधल्या कासरगोडची कन्नड शाळा टिकावी म्हणून धडपडणारी मुलं त्यात आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आपली मराठी शाळा कानडी मुलखात आणि कासरगोडची कन्नड शाळा केरळात राहिली. पट कमी होण्याची धास्ती दोघांनाही कळते. ज्या घरात नवरा एका माध्यमाचा आणि बायको दुसऱ्या, तिथं तर हे समजावून सांगायलाच नको. अशा जोडप्यांनी एकमेकांच्या मेळाव्याला जावं. सरांच्या नकला भाषांतर करून सांगता येत नाहीत हे खरं, पण चाळीस माणसं खळखळून हसताना पाहिली की चौथ्या नकलेला आपणही हसायला लागतो.

मग करायचं काय?

फार काही नाही. यादी आठवणीवर करू नका. शाळेत प्रवेशाची मोठी नोंदवही असते, जिच्यावरून शाळा सोडल्याचा दाखला देतात. मुख्याध्यापकांना भेटून विनंती करा. आठवीला जे जे वर्गात होते त्यांची फक्त नावं मागा. निरोप समारंभाचा ग्रुप फोटो कुणाच्या तरी ट्रंकेत असतोच. तो चौघांनी मिळून बघा. चेहरा दिसला की तो आपल्या वर्गातला हे ओळखू येतं, हे संशोधनही सांगतं आणि अनुभवही.

मुलींना शोधायचं काम मुलींकडंच द्या. कार्यक्रम सकाळी दहाला सुरू करून चारला संपवा, म्हणजे हुक्केरी-चिकोडीची बस मिळते. वर्गणी ज्याला जमेल तशी ठेवा, आणि कुणी किती दिली ते माईकवर वाचू नका. ओळख करून देताना हुद्दा नको. त्यापेक्षा ‘मी कुठल्या बाकावर बसत होतो आणि माझ्या शेजारी कोण होतं’, एवढंच प्रत्येकानं सांगावं. यात डॉक्टर आणि मागावरचा विणकर दोघांची गोष्ट सारखीच लांब होते.

जे दोन गल्ल्यांवर राहतात त्यांना फोनवर निरोप पाठवू नका. पायी जा. ‘वळख लागली काय रे?’ म्हणा, नाहीतर ‘गुर्त सिक्तेनरी?’ म्हणा. पण दारात उभे राहा. कदाचित पहिल्या वर्षी तो येणार नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा जा.

आणि मेळाव्यात सर हजेरी घेतील तेव्हा ती पूर्ण पटाची घेऊ द्या. जे या जगात नाहीत, जे सापडले नाहीत, जे घरातून निघू शकले नाहीत, त्यांचीही नावं पुकारली जाऊ देत. त्या नावापुढं क्षणभर शांतता होईल. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणेल, “सर, तो हितंच राहतोय. पुढल्या वेळी मी घेऊन येतो.”