सातासमुद्रांपलीकडील कचेरी उघडी आहे काय?

मुंबईंतील एखादा व्यापारी हिवाळ्यांत सकाळीं दहा वाजतां लंडनच्या पेढीला दूरध्वनि करतो आणि पलीकडे घंटा नुसती वाजत राहते. यांत पेढीची हयगय नसते. त्या क्षणीं लंडनमध्यें पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. संध्याकाळीं साडेसातला मुंबईकर घरीं परततात, तेव्हां न्यूयॉर्कच्या कचेरीचें दार उघडत असतें. दूरची कचेरी या घटकेला उघडी आहे कीं बंद, हें सांगणारीं साधनें आतां संगणकावर व खिशांतल्या मोबाइलवर मिळतात. त्यांची करामत कशांत आहे?

पृथ्वी चोवीस तासांत 360 अंश फिरते. म्हणजे एका अंशाला चार मिनिटें लागतात. 1884 सालीं वॉशिंग्टन येथील परिषदेनें ग्रिनिच हें शून्य रेखांशाचें स्थान ठरविलें. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरून घेतली आहे, 82.5 ला चारांनीं गुणिलें कीं 330 मिनिटें, म्हणजेच साडेपांच तास येतात. ही वेळ 1906 सालीं सुरू झाली. तरी मुंबईनें एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली आपली स्वतंत्र वेळ लगेच सोडली नाहीं. ती 1955 पर्यंत शहरांत कोठें ना कोठें टिकून होती. एकाच शहरांत दोन वेळा नांदत, तेव्हां “कोणत्या वेळेनें?” असें विचारूनच भेट ठरवावी लागे.

आज तोच प्रश्न साऱ्या जगापुरता उरला आहे. त्यासाठीं हें साधन प्रथम ग्रिनिचशीं जुळणारी जागतिक वेळ घेतें, मग शहराचा नियम पाहून तेथील वेळ काढतें. हे नियम एका मोठ्या कोष्टकांत आहेत. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनीं अमेरिकेंत त्याचा आरंभ केला आणि 2011 पासून इंटरनेटवरील नांवांचा व क्रमांकांचा हिशेब ठेवणारी ‘आयाना’ ही संस्था तें सांभाळते. त्यांत भारताची नोंद कोलकात्याच्या नांवावर आहे. म्हणून पुण्याच्या माणसालाहि यंत्रांत कित्येकदां कोलकाताच निवडावें लागतें.

एवढें कोष्टक कशाला, साडेपांच तास वजा केले कीं झालें, असें कोणी म्हणेल. पण लंडनचें घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारीं तासभर पुढें जातें व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं मागें येतें. म्हणून मुंबईची कचेरी दहा ते सहा व लंडनची नऊ ते पांच असेल, तर दोघांना समाईक वेळ हिवाळ्यांत अडीच ते सहा, म्हणजे साडेतीन तास, आणि उन्हाळ्यांत दीड ते सहा, म्हणजे साडेचार तास मिळतो. अमेरिकेचें घड्याळ मात्र मार्चच्या दुसऱ्याच रविवारीं पुढें सरकतें. मधल्या दोनतीन आठवड्यांत लंडन व न्यूयॉर्क यांतील पांच तासांचें अंतर चारच उरतें, आणि भेटी चुकतात त्या बहुधा याच दिवसांत.

शिवाय वारहि पाहावा लागतो. सौदी अरेबियांत 2013 पासून सुटी शुक्रवारीं व शनिवारीं असते. सामोआ बेटांत शुक्रवार असे तेव्हां शेजारच्या न्यूझीलंडांत शनिवार उजाडलेला असे, आणि तेथें सोमवार उजाडे तेव्हां सामोआंत रविवार असे. आठवड्यांतले चारच दिवस दोघांना समाईक उरत. तेव्हां 2011 सालीं सामोआनें 30 डिसेंबर हा दिवसच गाळला. लोक गुरुवारीं निजले ते शनिवारीं उठले!

साधन कितीहि चोख असलें, तरी तें माणसांच्या निर्णयाच्या मागूनच चालतें. मार्च 2023 मध्यें लेबाननच्या सरकारनें घड्याळें पुढें करण्याचा दिवस ऐन वेळीं लांबणीवर टाकला. कांहींनीं तें मानलें, कांहींनीं नाहीं. मोबाइल एक वेळ दाखवी, तर भिंतीवरचें घड्याळ दुसरी. थोड्याच दिवसांत सरकारला निर्णय फिरवावा लागला. म्हणून पुढची भेट ठरवितांना तासांचें अंतर न लिहितां शहर आणि तेथील वेळ लिहिणें शहाणपणाचें. नियम बदलला, तरी साधन नव्यानें हिशेब करूं शकतें.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि कोष्टकांत सांपडत नाहीं. मुंबई व न्यूयॉर्क यांना सोयीचा समाईक तास जवळजवळ नाहींच. तेथें कोणाला तरी झोप किंवा जेवणाचें ताट सोडावें लागतें. पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतील मुलें परदेशच्या दिवसासाठीं रात्रपाळी करतात, तीं याच कारणानें. कोणाची रात्र मोडते, एवढें यंत्र दाखवील; ती दर वेळीं एकाचीच मोडूं नये, हें माणसांनींच पाहिलें पाहिजे.