जर्मनीतील फीविना शिक्षण आणि आपली मुले

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याला जर्मनीतील एका संस्थेचे एम.एस्सी.चे प्रवेशपत्र आले. वडील ऊसतोड मजूर. "सर, तिथं फी नाही," असे तो आनंदाने सांगत आला. पण तो जाऊ शकला नाही. तेव्हापासून मी त्या देशाची शिक्षणव्यवस्था समजून घेत आहे. जे उमगले ते कार्यकर्त्यांपुढे ठेवतो.

जर्मनीत शिक्षण हा घटकराज्यांचा विषय आहे. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे साधारण दहाव्या वर्षी, मुलांची वाटणी होते. 'गिम्नाझियुम' शाळेतले मूल 'आबिटूर' परीक्षा देऊन विद्यापीठाकडे जाते. इतर शाळांतली पुष्कळ मुले कारखाना आणि व्यवसायशाळा अशा दोन्ही ठिकाणी शिकून कुशल कामगार होतात. तिथे आपल्यासारखी जात नाही. पण मूल कोणत्या शाळेत जाईल हे बऱ्याचदा घरची परिस्थितीच ठरवते. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना हात देणारी 'आर्बायटरकिंड' ही संस्था २००८ साली तिथे निघाली, ती याच कारणाने. या नावाचा अर्थ 'कामगाराचे मूल'. तेव्हा त्या देशाला स्वर्ग समजू नये.

तरीही एक गोष्ट खरी. २०१४ पर्यंत सर्व राज्यांनी सरकारी विद्यापीठांतील सरसकट शिक्षणशुल्क रद्द केले. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १५०० युरो घेते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे.

प्रवेशाची रीत अशी. केवळ बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. 'श्टूडिएनकोलेग' हे वर्षभराचे पूर्वतयारीचे शिक्षण घ्यावे लागते, किंवा इथे पदवीचे निदान एक वर्ष पूर्ण करावे लागते. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्याच विषयाशी जुळणारी पदवी लागते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना 'ए.पी.एस.' हे कागदपत्र-पडताळणीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. त्याचे शुल्क १८,००० रुपये.

गुण उलटे मोजतात: १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. १०० पैकी ७० गुण असतील आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४० असेल, तर १०० मधून ७० वजा करून ३० उरतात. त्यांना ३ ने गुणायचे, ६० ने (१०० वजा ४०) भागायचे आणि १ मिळवायचा. उत्तर २.५. पुष्कळ अभ्यासक्रम एवढ्यावरच मर्यादा घालतात. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षाचे गुणही महत्त्वाचे असतात.

खरा अडसर पुढे आहे. व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात आधी भरावे लागतात. ही रक्कम आजच्या दराने बारा लाख रुपयांच्या घरात जाते. पुढे त्यातून महिन्याला ९९२ युरो विद्यार्थ्यालाच परत मिळतात. वर्षातून १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. पण ती तिथे पोचल्यावर. मान्य शिष्यवृत्तीचे पत्र या खात्याऐवजी चालू शकते. मात्र आपल्या सरकारी परदेश शिष्यवृत्त्या संस्थेची जागतिक क्रमवारी पाहतात. या क्रमवारीत संशोधनाला वजन असते, आणि जर्मनीतील उपयोजित शास्त्रांच्या संस्थांचा भर मात्र प्रत्यक्ष शिकवण्यावर. त्या क्रमवारीत सहसा दिसतच नाहीत. माझ्या विद्यार्थ्याची संस्था याच प्रकारची होती.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले, ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची होती. पण निर्वाहाची तरतूद कुणीतरी करावी लागली. आज आपल्यातील नोकरदार शिक्षक, अधिकारी यांनी एकत्र येऊन बंदिस्त खात्यासाठी परतफेडीचा निधी उभारता येणार नाही काय? आणि शिष्यवृत्तीतील क्रमवारीच्या अटीला चळवळीने प्रश्न विचारायला नको काय? तो विद्यार्थी आज तालुक्याला खाजगी शिकवण्या घेतो. त्याचे प्रवेशपत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे.