'हॅट्स ऑफ' : डोक्यावर टोपी नसताना आपण ती काढतो कशी?

समजा, रायगड जिल्ह्यातल्या तळा गावाजवळचा तळागड सत्तरीच्या एका आजींनी चढल्याचा व्हिडिओ तुमच्यासमोर आला. खाली कमेंट काय दिसेल? 'हॅट्स ऑफ आजी!' आजींच्या डोक्यावर पदर, कमेंट करणाऱ्याचं डोकं उघडं. मग ही हॅट आली कुठून?

शब्दशः अर्थ 'टोप्या काढा'. युरोपात वरिष्ठांसमोर, चर्चमध्ये, न्यायालयात पुरुषांनी टोपी काढायची, असा शिष्टाचार होता. तो न पाळणाऱ्याला शिक्षाही होई. 1670 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकर पंथीयांना टोपी न काढल्याबद्दल दंड झाला. माणसापुढे टोपी काढायची नाही, हा त्यांच्या पंथाचा आग्रह. (गंमत म्हणजे, त्या टोप्या न्यायालयाच्याच आदेशाने त्यांच्या डोक्यावर पुन्हा चढवल्या होत्या!) पुढे मात्र याच कृतीला कौतुकाचा अर्थ आला. 1831 मध्ये जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान यांनी तरुण शोपँच्या रचनेवर लिहिताना लोकांना टोप्या काढायला सांगितल्या, त्या केवळ दाद म्हणून. फ्रेंच लोक तर आजही नुसतं 'शापो', म्हणजे 'टोपी', म्हणून दाद देतात.

आपल्याकडची रीत अगदी उलटी. आदर दाखवायला चपला काढायच्या, डोकं झाकलेलं ठेवायचं. पागोटं काढून कुणाच्या पायावर ठेवणं म्हणजे गयावया करणं. 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे. आणि आज्ञापत्रात इंग्रज, पोर्तुगीज वगैरेंची ओळखच मुळी 'टोपीकर' अशी आहे!

तरीही हा शब्द मराठीत रुजला, कारण त्याची गरज होती. 'शाब्बास' हा फारसी 'शाद बाश', म्हणजे 'आनंदी राहा', यावरून आलेला शब्द; पण तो मोठ्यांनी लहानांना म्हणायचा. आजींना 'शाब्बास' म्हणून बघा, काय ऐकावं लागतं ते! 'मानाचा मुजरा' जरा दरबारी वाटतो, 'मानलं बुवा' मित्रांत शोभतं. 'हॅट्स ऑफ' मात्र समोरच्याचं वय विचारत नाही.

फक्त तो कष्ट, धाडस किंवा कौशल्यासाठी वापरतात. कुणाच्या नव्या डीपीखाली 'हॅट्स ऑफ' लिहिलं तर विचित्रच वाटेल. आणि दाद देणारा एकटा असला तरी शब्द 'हॅट्स' असाच, अनेकवचनी राहतो. जणू टोपी काढायला सगळ्या जमावालाच सांगितलं आहे.