हात गुंतलेले असताना

सुचण्याची वेळ नेमकी अडचणीची असते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव. नळाखाली हंडा लावून उभं असताना, धुणं पिळताना, नाही तर नगर-नेवासे एसटीत दांडीला लोंबकळताना मनात काही तरी चांगलं येतं आणि हात मोकळे नसतात. दुपारी निवांत कागद पुढ्यात घेऊन बसावं, तर मन कोरं! हे फक्त लेखक-कवींचंच होतं असं नाही. कुणाला नातवंडांसाठी गोष्ट सुचते, कुणाला शिवणातली युक्ती, कुणा शिक्षकाला उद्या अपूर्णांक कसे समजावायचे ते. संध्याकाळपर्यंत सगळं पसार.

माझ्या आईची गोष्ट मात्र उलटी होती. हात गुंतले की तिला सुचायचं आणि सुचलेलं राहायचंही. पहाटे जात्यावर बसली की माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा, आटलेली विहीर, आदल्या दिवशी कुणी लावून बोललेला शब्द, सगळं ओवीत यायचं. खुंट्याचा ताल ठरलेला, चाल ठरलेली. शब्द एकदा त्यात बसला की निसटत नसे. समोर शेजारीण असली तर तीही ती ओवी उचलायची. मग ती दोघींची व्हायची.

पुढं गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. मी कॉलेजात असताना वही घेऊन आईसमोर बसले. तीन ओव्या झाल्या आणि ती अडखळली. म्हणाली, "अगं, खुंटा हातात नाही, तर आठवणार कसं?" मग जातं पुन्हा मांडलं, मूठभर ज्वारी घातली. ती दळत होती, मी लिहीत होते. सतरा ओव्या उतरल्या. आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या सतरा माझ्या वहीत आहेत. बाकीच्या शेकडो तिच्याबरोबर गेल्या.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केलं. 1980च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जातं गेलं तरी त्या बायकांचे शब्द राहिले, ते कुणी तरी वही घेऊन समोर बसलं म्हणून.

समोर बसणाऱ्याचं महत्त्व आमच्या जिल्ह्याला तसं जुनंच ठाऊक आहे. नेवाशाला प्रवरेकाठी पैसाचा खांब आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 ला, ज्ञानदेवांनी तिथं गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. ग्रंथाच्या शेवटी लेखक म्हणून बाबांचा उल्लेख आहे. नऊ हजारांच्या आसपास ओव्या! खांबापुढे हात जोडताना मला दर वेळी त्या लिहिणाऱ्याची आठवण होते. खरं सांगायचं तर, आपण त्याला फार कमी आठवतो.

पण समोर कुणीच नसलं तर? त्याचंही उत्तर नगरातच, भुईकोट किल्ल्यात सापडतं. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना इथं आणून ठेवलं. नेहरूंनी 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं, हे सर्वांना माहीत असतं. मला जास्त जवळचे वाटतात ते मौलाना आझाद. ते भल्या पहाटे उठत, स्वतःच्या हातानं चिनी चहा करत आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला पत्र लिहीत. पत्र टपालात पडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी लिहिणं चालूच! त्यात चहावर पानंच्या पानं आहेत. खोलीत घरटं करून कचरा पाडणाऱ्या चिमण्यांवर आहेत: आधी त्यांच्याशी लढाई, मग तह, मग दाणे टाकून दोस्ती. एप्रिल 1943 मध्ये पत्नी कलकत्त्यात वारली. तेही मित्रालाच सांगितलं. सुटकेनंतर, 1946 मध्ये, या पत्रांचं पुस्तक झालं: 'गुबार-ए-खातिर'. मनावरची धूळ, असा काहीसा त्याचा अर्थ. कैदेत माणसाला वेळच वेळ, असं कुणी म्हणेल. पण मोकळ्या वेळात सगळ्यांच्याच हातून लिहून होतं का? मौलानांनी पहाट ठरवली होती आणि ऐकणारा ठरवला होता.

मी त्यांचंच उचललं. स्वयंपाकघरात तारखेच्या कॅलेंडरला दोऱ्यानं पेन्सिल बांधली आहे. सुचलं की त्या दिवसाच्या चौकोनात दोन शब्द लिहायचे. पूर्ण वाक्य नाही, नाही तर दूध उतू जातं. रात्री तेच दोन शब्द धरून धाकट्या बहिणीला पत्रासारखं चार ओळी लिहायच्या. सगळ्याच काही पाठवत नाही.

सूनबाईला हा खटाटोप वाटतो. ती भाकऱ्या करता करता मोबाइलमध्ये बोलून ठेवते. मी आधी हसले होते. परवा तिनं त्यातलं एक ऐकवलं: शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांचं छोटं नाटुकलं, अर्धंच झालेलं. तिच्या आवाजामागे परातीवर भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि संवाद त्याच ठेक्यात पडले होते. मी वही घेऊन बसले आणि म्हटलं, "उरलेलं सांग, मी लिहिते. पण भाकऱ्या थांबवू नकोस."